खाऱ्या हवेत गंजलेली जुनी हत्यारं: विजेने गंज काढण्याची घरगुती पद्धत

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर खाडीच्या काठाला आहे. वडिलोपार्जित पेटीत कोयते, पटाशा, रंध्याची पाती, एक वाकस आणि दोन करवती गंजून पडल्या आहेत. पॉलिश पेपरने घासून तेल लावलं, तरी मृगाचा पाऊस लागला की महिन्याभरात पुन्हा नारिंगी ठिपके येतात. इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे पाण्यातून वीज सोडून, हा गंज घरच्या घरी काढता येईल का? साहित्य काय लागेल आणि धोका किती?

काढता येतो. समुद्रालगत राहणाऱ्यांनी तर जुन्या, चांगल्या पोलादाच्या हत्याराला आधी हीच पद्धत वापरावी. त्याचं कारण त्या परत येणाऱ्या ठिपक्यांत आहे, म्हणून आधी तेच पाहू.

घाटावरच्या गावात लोखंड गंजतं ते पाणी आणि हवेमुळे. किनाऱ्यावर त्यात मीठ मिसळतं. वाऱ्याबरोबर येणारा खारा तुषार हत्यारावर बसतो आणि मिठातला क्लोराइड गंजाच्या थरातून खाली उतरून थेट लोखंडाला भिडतो. तिथे बारीक खड्डे पडतात आणि त्यांच्या तळाशी लोहाची क्लोराइडं साठतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की आपोआप पाझरायला लागतं. लोहाची क्लोराइडं तर त्याहून कमी आर्द्रतेतही ओल ओढतात. कोकणात पावसाळाभर हवा या आकड्याच्या वरच असते. म्हणजे खड्ड्याच्या तळाशी आम्लधर्मी ओलावा कायम राहतो आणि लोखंड आतून खात जातो. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरची चकती वरचा थर काढते, चांगलं लोखंडही थोडं खाते, पण खड्ड्याच्या तळाशी पोहोचत नाही. वरून लावलेलं तेल आतलं मीठ आतच कोंडून ठेवतं. म्हणून ठिपके त्याच जागी परत येतात.

विजेच्या पद्धतीत हत्यार ऋण टोकाला जोडतात. क्लोराइडचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, हाही ऋणभारित असतो, त्यामुळे तो हत्यारापासून दूर, धन टोकाच्या पत्र्याकडे ओढला जातो. समुद्रतळातून काढलेल्या लोखंडी वस्तू वाचवण्यासाठी संग्रहालयांत हीच पद्धत वापरतात. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ या लोखंडी युद्धनौकेचा तोफबुरूज २००२ मध्ये समुद्रातून वर काढला. त्यातलं मीठ अल्कधर्मी पाण्यात, विजेच्या साहाय्याने काढण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. घरच्या बादलीत एका रात्रीत सगळं मीठ निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण बरंच निघतं, आणि घासण्याने ते जवळजवळ निघतच नाही. या पद्धतीचा इथे खरा उपयोग तो आहे. हत्यार उजळ दिसणं ही त्यामानाने दुय्यम गोष्ट.

आता बादलीत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. हत्याराच्या पृष्ठभागावर पाण्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि ते गंजाचे पोपडे आतून उचलतात. त्याच वेळी लाल-तपकिरी गंजाचा काही भाग रासायनिकरीत्या बदलून मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, होतो. तो भुसभुशीत असतो आणि ब्रशने निघतो. खाली शाबूत असलेल्या लोखंडाला हात लागत नाही, म्हणून हत्यार तासभर जास्त राहिलं तरी बिघडत नाही. आम्लात ठेवलं तर उलट होतं, गंज संपला की आम्ल लोखंड खायला लागतं. मात्र गंजात गेलेलं लोखंड परत येत नाही. खड्डे खड्डेच राहतात.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण किनाऱ्यावर पहिली चूक तिथेच होते. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होतं. तसलं पाणी वापरलं तर जे मीठ काढायचं तेच आपण बादलीत ओतलं असं होईल. वर धन टोकाशी त्यातून क्लोरीन सुटू शकतो आणि पत्राही भराभर झिजतो. सगळ्यांत चांगलं म्हणजे पागोळ्यांचं पाणी, पण पहिल्या सरींचं नको. उन्हाळाभर कौलांवर साठलेला खार त्या सरींबरोबर खाली येतो. दोन-चार दिवस मुसळधार पाऊस होऊन छप्पर धुतलं गेलं की मग पाणी धरा. झाकणाच्या पिंपात ते वर्षभर टिकतं. समुद्रापासून आत, कातळावरच्या विहिरींचं पाणीही बहुधा मऊ असतं आणि चालतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर आकडा १५० च्या आत हवा. आर.ओ.चं शुद्ध झालेलं पाणी चालतं, पण त्याच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी नको, कारण सगळे क्षार त्यातच असतात.

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून त्यात धुण्याचा सोडा घालायचा. सोड्याचे दोन प्रकार मिळतात आणि त्यांची मापं वेगळी आहेत. कोरडी, पिठासारखी भुकटी असेल तर २० लिटर पाण्याला १५० ग्रॅम. खडे असतील तर ४०० ग्रॅम, कारण खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आधी तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवा आणि मग बादलीत ओता. यापेक्षा जास्त सोडा घालून काम लवकर होत नाही. खाण्याच्या सोड्यानेही काम होतं, फक्त वीज कमी वाहते. तो लोखंडी कढईत मंद आचेवर, बुडबुडल्यासारखं हलणं थांबेपर्यंत भाजला की त्याचाच धुण्याचा सोडा होतो. १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरतात. कपडे धुण्याची पावडर नको, तिच्यात मीठ आणि इतर भरही असू शकते. ‘चिमूटभर मीठ टाका, वीज जोरात वाहते’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. वीज खरंच जोरात वाहते, आणि हत्यारात पुन्हा मीठ शिरतं. तो सल्ला ऐकू नका.

धन टोकाला लावायचा लोखंडी तुकडा हळूहळू झिजून संपणारच, त्यासाठी तो साधाच असावा. बांधकामावरच्या सळईचे तुकडे, काळा पत्रा, जुन्या अँगलचे तुकडे, सगळं चालतं. पन्हळी पत्रा आणि जी.आय. पाइप नको, त्यावर जस्ताचा थर असतो. तेलाचा डबा नको, त्याला कथलाचा मुलामा असतो. सळईवर हिरवा किंवा निळा रंगाचा थर असेल तर तो खरवडून काढा, नाहीतर वीज जाणार नाही. स्टेनलेस स्टील तर बिलकूल वापरायचं नाही. ते झिजत नाही म्हणून लोक चमचे, ताटल्या, कपड्यांच्या स्टँडचे पाइप लावतात. प्रत्यक्षात त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं आणि पाणी पिवळं होतं. असं पाणी कातडीला लागू देऊ नये आणि आवारात ओतू नये. कोकणात परसातलं पाणी झिरपत शेवटी विहिरीतच येतं, म्हणून या बाबतीत सवलत नाही.

वीज बाराच्या आसपास व्होल्टची आणि डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, हवी. सीसीटीव्ही किंवा एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, अलिबाग अशा कुठल्याही बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि घरच्या कामाला तो पुरेसा आहे. गाडीची बॅटरी चार्ज करायचा जुन्या पद्धतीचा चार्जरही उत्तम. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, ते यासाठी घेऊ नका. छोटी पटाशी किंवा पाना असेल तर मोबाइलचा ५ व्होल्टचा साधा चार्जरही वेळ घेऊन काम करतो. २३० व्होल्टला थेट डायोड लावून किंवा पंख्याच्या रेग्युलेटरमधून वीज आणून कोणी करत असेल तर त्याच्या बादलीजवळही जाऊ नका. ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर मध्ये नसला की ओल्या जमिनीवर उभ्या माणसाचा जीव जातो.

या जोडणीत एक गोष्ट आवर्जून घाला. धन तारेच्या मध्ये, एकसरीत, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा किंवा गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब. त्यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊच शकत नाही. हत्यार चुकून सळईला टेकलं तर बल्ब पूर्ण प्रकाशतो, अडॅप्टर मात्र वाचतो. काम नीट चालू असताना बल्ब मंद तांबूस जळतो, आणि अजिबात जळत नसेल तर एखादा जोड सुटला आहे. अँमीटर नसलेल्या माणसाला याहून स्वस्त आणि भरवशाचा मीटर नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हे करायचा मोह होईल, कारण ती घरोघर असते. पण अशी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि तार लाल होते. बल्ब आणि १० अँपिअरचा फ्यूज हे दोन्ही लावल्याशिवाय ती वापरू नका.

हत्याराची तयारी अर्ध्या तासाची आहे. सुटे पोपडे हातोडीने हलके ठोकून पाडा. जुनं तेल, ग्रीस, चीक भांडी घासायच्या साबणाने आणि गरम पाण्याने काढा. तेलाखाली वीज पोहोचत नाही आणि तेवढे डाग तसेच राहतात. आंब्याफणसाचा चीक साबणाने जात नाही, तो आधी रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने पुसा. मग जिथे तार जोडायची तिथे कानशीने दोन बोटं जागा पांढरी स्वच्छ करा. गंजावर लावलेली क्लिप म्हणजे जोडच नाही. ‘बुडबुडेच येत नाहीत’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लाकडी मूठ काढता आली तर काढा. सोड्याच्या पाण्यात लाकूड काळं पडतं आणि फुगतं. कोयत्याची मूठ लाखेने घट्ट बसवलेली असेल तर नुसतं पातं पाण्यात लोंबकळेल असं टांगा. मात्र एक लक्षात ठेवा, कोयता मोडतो तो बहुधा मुठीच्या तोंडाशी, आत शिरलेल्या शेपटीला गंज लागून. पातं साफ झालं की शेपटी साफ झाली असं होत नाही. मूठ हलत असेल तर ती फोडून शेपटी पाहणं बरं, नवी मूठ लोहाराकडे किंवा सुताराकडे सहज होते.

बादली किंवा टब प्लॅस्टिकचा हवा. वर आडवी कोरडी बांबूची काठी किंवा पोफळीची रीप ठेवा आणि हत्यार बांधणीच्या तारेने तिला टांगा. सळ्या बादलीच्या कडेने, चारी बाजूंनी उभ्या करा आणि पाण्याच्या वर एकमेकींना तारेने जोडा. वीज साधारण सरळ रेषेत जाते. एकच सळई एका बाजूला ठेवली तर हत्याराची तीच बाजू साफ होते आणि मागची तशीच राहते. निदान दोन्ही बाजूंना सळ्या हव्यात. हत्यार आणि सळई यांत ५ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवा. जवळ आणलं तर टेकण्याची भीती, लांब नेलं तर वेग कमी. सळईचं वरचं टोक आणि तिची तांब्याची तार किंवा क्लिप पाण्याबाहेरच ठेवा. धन टोकाचं तांबं पाण्यात गेलं की विरघळून हत्यारावर जाऊन बसतं.

ऋण, म्हणजे काळी तार, हत्याराला. धन, म्हणजे लाल तार, सळ्यांना. ही जोडणी उलटी झाली तर सळई साफ होते आणि हत्यार खाल्लं जातं. रात्रभरात पटाशीची धार आणि कडा जातात, आणि त्या परत येत नाहीत. खात्री करायची सोपी खूण आहे. वीज सुरू केल्यावर हत्याराभोवती बारीक, दाट बुडबुड्यांचा पडदा दिसला पाहिजे. सळईकडे तो त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी असतो. उलट दिसलं तर तत्काळ बंद करा.

किती वीज? पाण्यात बुडालेल्या दर १०० चौरस सेंटिमीटरला अर्धा ते एक अँपिअर खूप झाली. कोयत्याचं पातं दोन्ही बाजू धरून ३०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे दीड ते तीन अँपिअर. बल्ब लावला की आपोआप याच्या खालच्या टोकाला राहाल आणि ते चांगलंच आहे. जास्त वीज सोडली की पाणी तापतं, फेस वाढतो, सळ्या लवकर संपतात आणि पोलादात हायड्रोजन जास्त शिरतो. हलका गंज तीन-चार तासांत सुटतो, मध्यम गंजाला एक रात्र, आणि पोपडे धरलेल्या हत्याराला दोन दिवसही लागतात. लांब कामात दर सहा-आठ तासांनी वीज बंद करून सळ्यांवरचा तपकिरी लगदा तारेच्या ब्रशने काढा. तो साचला की वीज वाहणं मंदावतं आणि बल्ब फिका होत जातो. पाण्यावर गंजाचा फेस येणार, पाणी तपकिरी होणार, ते ठीक आहे. पाणी निळं-हिरवं झालं तर तांबं बुडालेलं आहे, पिवळं झालं तर कुठेतरी स्टेनलेस शिरलं आहे. दोन्ही वेळा थांबा, चुकीचा तुकडा काढा आणि पाणी बदला.

हायड्रोजनबद्दल घाबरून जायचं कारण नाही, पण सैल राहू नका. दोन अँपिअरवर दहा तासांत साधारण नऊ लिटर हायड्रोजन सुटतो. उघड्या पडवीत किंवा मागीलदारी तो वर निघून जातो. बंद खोलीत, बाथरूममध्ये किंवा झाकण लावलेल्या पिंपात तो साठतो, आणि हवेत चार टक्के झाला की एका ठिणगीवर पेटतो. वर जमलेल्या फेसातही तो अडकलेला असतो, म्हणून जवळ काडी, विडी, उदबत्ती नको. क्लिप काढताना ठिणगी उडते, म्हणून आधी नेहमी भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि मगच बादलीत हात घालायचा. सोड्याचं पाणी हाताला कोरडं करतं, डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. रबरी हातमोजे घाला. अडॅप्टर बादलीपेक्षा उंच जागी, वळचणीच्या आत ठेवा. पावसाची झड येईल अशा जागी हे काम करू नका.

मध्येच वीज गेली, आणि पावसाळ्यात ती जाणारच, तर काही बिघडत नाही. सोड्याच्या पाण्यात पूर्ण बुडालेलं लोखंड सहसा गंजत नाही. पण पाण्याच्या रेषेवर आणि तिच्या वर ओलसर राहिलेला भाग गंजतो. वीज रात्रभर यायची नसेल तर हत्यार पूर्ण पाण्याखाली ढकला किंवा बाहेर काढून पुसा.

पहिली फेरी संपली की हत्यार काळं निघेल. तारेच्या घासणीने किंवा पितळी ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा, काळी शाई निघून करडं लोखंड दिसतं. पोलादी तारेचा फिरता ब्रश लावू नका, तो मऊ कडा गोल करतो आणि लोहाराचा शिक्का असेल तर पुसून टाकतो. घाटावर काम इथे संपलं असतं. किनाऱ्यावर दुसरी फेरी करायची: पहिलं पाणी फेकून द्या, त्यात हत्यारातून निघालेलं मीठ आहे. नवं पागोळ्यांचं पाणी, नवा सोडा, घासलेल्या सळ्या आणि निम्मी वीज, म्हणजे पाऊण-एक अँपिअर. अशी आणखी एक रात्र. गंज दिसत नसतो, त्यामुळे ही फेरी वाया चालली असं वाटतं. पण खड्ड्यांतलं मीठ आत्ता बाहेर येतं, कारण वरचा गंजाचा अडसर निघालेला असतो. खूप खड्डे असलेल्या हत्याराला तिसरं पाणीही द्या.

दुसऱ्या पाण्यातून काढल्यावर पुढचा पाव तास सगळ्यांत नाजूक. ताजं, उघडं लोखंड दमट हवेत बघता बघता पिवळसर होतं. म्हणून काढायच्या आधीच सगळं मांडून ठेवा. विसळायला पावसाचं पाणी घ्या, बादलीत चमचाभर सोडा घालून, म्हणजे गंज लगेच धरत नाही. त्यानंतर पातं उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवा. लोखंड तापलं की बाहेर काढल्यावर पाणी स्वतःच वाळतं. कोरड्या फडक्याने पुसा, मग कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली सांध्यांतली ओल घालवा. हात लावायचे ते मोज्यांनी, घामातही मीठ असतं.

मीठ खरंच गेलं का, हे तेल लावायच्या आधी तपासता येतं. हत्यार झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, शेजारी पाण्याची छोटी वाटी, आणि झाकण लावून एक दिवस सोडा. सगळीकडे सारखी पुसट पिवळी छटा आली तर ती साध्या ओलीची आहे, घासणीने निघते. ठरावीक खड्ड्यांतून नारिंगी थेंब किंवा टाचणीच्या डोक्याएवढे फोड आले तर तिथे मीठ शिल्लक आहे, पुन्हा एक फेरी द्या. या तपासणीत एक दिवस जातो, पण पावसाळ्यात पुन्हा सगळं करण्यापेक्षा परवडतं.

आता पोलादाच्या ठिसूळपणाचा मुद्दा. कडक पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेल्या, पोलादात हायड्रोजन शिरला की ते काही काळ ठिसूळ होतं. आपल्याकडचे कोयते पुष्कळदा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेले असतात, पटाशी आणि रंध्याचं पातंही कडक असतं, करवतीचे दातही. कमी वीज हा पहिला उपाय. दुसरा, काम झाल्यावर हत्यार दोन-तीन दिवस उन्हात किंवा उबदार जागी तसंच ठेवणं, हायड्रोजन हळूहळू बाहेर पडतो. लगेच नारळ फोडायला घेऊ नका. छोटं पातं घरच्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर तीन-चार तास ठेवलं तर अधिक चांगलं. २०० च्या पुढे नेऊ नका, धारेचं पाणी उतरायला लागतं. विस्तवावर धरून अंदाजाने तापवणं तर नकोच. आणि ज्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो त्या वस्तू, माडावर चढायच्या यंत्राचे कडक बोल्ट, साखळी-पुलीचे हूक, ताणाच्या स्प्रिंग, या पद्धतीने साफ करून पुन्हा वापरू नका. त्या गंजल्या असतील तर नव्या घ्या.

बादलीत काय घालू नये तेही सांगतो. ॲल्युमिनियम सोड्यात विरघळतं. जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा खराब होतो, कथलाचा डाक सुटतो, रंग पापुद्र्यांनी निघतो. पक्कड, कातर, अडकित्ता यांच्या खिळ्याच्या आत वीज पोहोचत नाही. ते पूर्ण उघडून टांगा, दोन्ही पायांना स्वतंत्र तार जोडा आणि नंतर सांध्यात पातळ तेल सोडून उघडझाप करत राहा. सांध्यात सोड्याचं पाणी अडकतं, म्हणून विसळणं जास्त वेळ. रंध्याचं ओतीव लोखंडी अंग चालतं, पण स्क्रू आणि पितळी भाग आधी सुटे करा. पहार, कुदळ, टिकाव, घमेलं यांना ही सगळी उठाठेव करायची गरज नाही. त्यांचा गंज मातीतच घासला जातो, तारेचा ब्रश आणि जळकं ऑइल पुरे. शेतात किंवा किनाऱ्यावर जुनी तलवार, तोफगोळा, नांगर असं काही सापडलं असेल तर त्याला घरी हात लावू नका. तसंच ओलं ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवा. अशा वस्तूत गंजाच्या आतच मूळ आकार टिकलेला असतो आणि बादलीत तो सुटून जातो.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, आमसुलाचं पाणी यांनी गंज निघत नाही का, असं हमखास विचारलं जातं. निघतो, हलक्या गंजाला सोपं पडतं. पण आम्ल लोखंडही खातं, मीठ बाहेर काढायला त्यात वीज नसते, आणि कोकमाचं आगळ वापरलं तर त्यात मीठच घातलेलं असतं. आम्लाने साफ केलंच तर नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवून विसळा.

शेवटचं लेप. हत्यार पूर्ण कोरडं आणि किंचित गरम असताना लावा. सुतारी हत्यारांना मेण आणि टर्पेंटाइन एकत्र करून पातळ हात, किंवा मशीन ऑइल. कोयत्याला इंजिन ऑइलचा पुसट थर. विळीला, अडकित्त्याला, स्वयंपाकाच्या सुरीला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खोबरेल सगळ्यांच्या हाताशी असतं आणि रोज वापरातल्या विळीला ते चालतं, पण महिनोन्‌महिने ठेवायच्या हत्याराला नको. ते खवट होतं, चिकट होतं आणि त्यातली आम्लं लोखंडाला डाग पाडतात. गोणपाटात गुंडाळून ठेवू नका, गोणपाट ओल धरतं. राखेत पुरून ठेवणंही टाळा. घासायला राख उत्तम, पण तिच्यातले क्षार ओल ओढतात. चुलीवरच्या माळ्यावर हत्यारं ठेवायची जुनी पद्धत आजही बरोबर आहे. तिथे ऊब असते आणि हवा कोरडी. चूल नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. मृगापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरवड्याला डबा उघडून बघा, लेप पुसला गेलेला दिसेल तिथे पुन्हा लावा.

उरलेल्या पाण्यातला गाळ लोखंडाचाच असतो. साध्या लोखंडी सळ्या वापरल्या असतील तर तो विषारी नसतो, पण पाण्यात सोडा असतो. एक रात्र स्थिर ठेवून वरचं पाणी भरपूर साध्या पाण्यात मिसळा आणि विहिरीपासून लांब ओता. माडाच्या, पोफळीच्या आळ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात नको. तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात टाका. सळ्या घासून, सुकवून ठेवा, बोटाएवढ्या जाडीच्या असतील तर बरीच हत्यारं होतात. पेन्सिलीएवढ्या बारीक झाल्या की बदला, नाहीतर रात्रीतून तुटून हत्यारावर पडतात.